ऑटिझम असलेल्या मुलाला सप्लिमेंट द्यायचं ठरवताय? नागपूरच्या पालकांसाठी पहिल्यापासून

मुलाला ऑटिझम आहे असं कळलं की पहिल्या दोन-तीन महिन्यांतच घरात बाटल्या जमायला लागतात. एक डॉक्टरांनी लिहून दिलेली, एक थेरपी सेंटरच्या बाकावर भेटलेल्या दुसऱ्या आईनं सुचवलेली, एक परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेली आणि दोन रात्री उशिरा मोबाईलवर जाहिरात बघून मागवलेल्या. मी आहारतज्ज्ञ आहे. रामदासपेठ-धंतोलीचे दवाखाने पालथे घालून पालक माझ्याकडे येतात, तेव्हा हा सगळा संसार पिशवीतून टेबलावर येतो आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: "मॅडम, यातलं काय चालू ठेवू?" नव्या पालकांसाठी त्याचं उत्तर इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी कटू तेवढं बोलून टाकते. कुठलंही व्हिटॅमिन, तेल, पावडर किंवा दूध ऑटिझम घालवत नाही. ऑटिझम ही मेंदूच्या जडणघडणीतली वेगळी वाट आहे, कुठल्या एका जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं झालेला आजार नव्हे. मग सप्लिमेंटचा विषय येतोच कुठून? तो येतो ताटातून. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांचं खाणं फार मोजकं असतं. वास, रंग, चावताना होणारा आवाज, जिभेला लागणारा खरबरीतपणा यातलं काहीही खटकलं की तो पदार्थ कायमचा बाद. अशा खाण्यात लोह, बी-१२, डी, सी यांची तूट पडते. तूट पडली की मूल चिडचिडं होतं, झोपेत तळमळतं, थकतं, आणि हे सगळं "ऑटिझममुळेच" म्हणून खपून जातं. तूट भरली की मूल सुधारल्यासारखं दिसतं, कारण ते खरंच बरं असतं. श्रेय मात्र त्याच महिन्यात सुरू केलेल्या महागड्या गमीला (जेलीसारख्या चघळायच्या गोळीला) मिळतं. जाहिरातींतले अनुभव असेच तयार होतात.

म्हणून आधी तूट शोधायची, बाटली नंतर.

पहिली पायरी: खाण्याची वही

एक आठवडा मुलाच्या पोटात गेलेलं सगळं लिहा. आठवडा जमत नसेल तर तीन दिवस, पण त्यात एक रविवार हवाच, कारण रविवारी घरचं खाणं बदलतं. "पोळी-भाजी खाल्ली" असं लिहू नका. अर्धी पोळी, भाजीतला फक्त बटाटा, तोही धुऊन, असं लिहा. बिस्किटाचा ब्रँड लिहा, दूध मिलीलिटरमध्ये लिहा, ताट परत आलं तर तेही लिहा. शाळेत किंवा पाळणाघरात डबा कोण संपवतं, याची एकदा खातरजमा करून घ्या.

एक नमुना बघू. समजा, साडेचार वर्षांचा मुलगा आहे. सकाळी बाटलीनं पाव लिटर दूध आणि चार ग्लुकोज बिस्किटं. दुपारी मऊ भात, वरचं पातळ वरण, साजूक तूप. संध्याकाळी मुरमुरे, पण कोरडेच. कांदा किंवा सांबार (कोथिंबीर) दिसला तर वाटी भिरकावतो. रात्री परत दूध-भात, झोपताना परत बाटली. मध्ये कधी केळं. एकूण दूध दिवसाला जवळपास एक लिटर.

ही वही वाचायला डिग्री लागत नाही. कॅल्शियमची चिंता नाही: राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला रोज ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि ते अर्ध्या लिटर दुधातच जवळपास भरतं. तरी याच मुलाला तीन जणांनी कॅल्शियमचं सिरप सुचवलेलं असतं. लोह मात्र जवळजवळ कुठेच नाही. या वयाला रोजचं ११ मिलिग्रॅम लोह हवं. दुधात ते नगण्य असतं, आणि लिटरभर दूध पोटातली जागा अडवतं, शिवाय इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. व्हिटॅमिन सी नाही, कारण केळं सोडून फळ नाही. चोथा नाही, म्हणजे बद्धकोष्ठ असणार. आणि बद्धकोष्ठ असलेलं मूल आणखी कमी खातं. इथे पहिला उपाय सप्लिमेंटची बाटली नाहीच. दूध हळूहळू अर्ध्या लिटरपर्यंत आणणं हा आहे. आजीचा याला विरोध होईल. होऊ द्या.

दुसरी पायरी: तपासण्या, आणि कुठल्या करायच्या नाहीत

वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. वजन-उंचीचा तक्ता भरून घ्या, आणि खाणं खूप मोजकं असेल तर या तपासण्यांबद्दल विचारा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी, बी-१२. ताप-सर्दीत फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा मूल बरं असताना रक्त द्या, किंवा सोबत सीआरपी (शरीरात दाह किंवा संसर्ग आहे का ते दाखवणारी तपासणी) करून घ्या. मूल माती, भिंतीचे पोपडे, खडू खात असेल तर रक्तातलं शिसंही तपासायला सांगा. माती खाणं हे लोह कमी असल्याचं लक्षणही असू शकतं आणि शिसं पोटात जाण्याची वाटही.

विदर्भात एक तपासणी विसरून चालत नाही: सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. आपल्या भागात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाचं हिमोग्लोबिन कमी असतं, पण ते लाल पेशी लवकर फुटत असल्यामुळे. लोह कमी असेलच असं नाही. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या शरीरात तर लोह साठत जातं. अशा मुलाला "रक्त कमी आहे" म्हणून अंदाजानं लोहाचं सिरप पाजणं चुकीचं. तुमच्या मुलाची किंवा तुमची तपासणी झालेली नसेल तर करून घ्या. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ला सुरू झालं आणि त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. सरकारी दवाखान्यात विचारा. थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनच्या आणखी एका आनुवंशिक आजाराचा) वाहक असलेल्या मुलाच्याही लाल पेशी छोट्या दिसतात, तेव्हा सीबीसीवरून लोह सुरू करायची घाई नको, फेरिटिन बघूनच.

सुई हा मोठा प्रश्न असतो. सगळ्या तपासण्या एकाच वेळी, एकाच टोचण्यात उरका. बधिर करणारं मलम टोचण्याआधी साधारण तासभर लावून ठेवता येतं. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. लॅबवाल्याला आधी फोन करून गर्दी नसलेली वेळ मागा आणि मुलाला काय होणार आहे ते चित्रं दाखवून आदल्या दिवशी सांगा.

आता न करायच्या तपासण्या. केसांतले धातू मोजणारी चाचणी, शंभर पदार्थांची आयजीजी (रक्तातली एक प्रकारची संरक्षक प्रथिनं) "फूड इनटॉलरन्स" यादी, लघवीतले पेप्टाइड, आतड्याच्या गळतीचं पॅकेज. यातल्या एकाच्याही जोरावर सप्लिमेंट ठरवू नये. आयजीजीच्या यादीत सहसा मूल जे खातं तेच "अपायकारक" म्हणून येतं, कारण खाल्लेल्या पदार्थाविरुद्ध ती प्रथिनं शरीरात तयार होणं ही नेहमीची गोष्ट आहे. आधीच सात पदार्थ खाणाऱ्या मुलाचे चार पदार्थ अशा कागदावरून बंद झालेले मी पाहिले आहेत, आणि मला त्याचा राग येतो.

खर्चाचं म्हणाल तर मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स हे पर्याय आहेतच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येतं. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या विकासातल्या अडचणी आणि कमतरता दोन्ही तपासतात आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. ऑटिझमचं प्रमाणपत्र असेल तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय विमा योजनेचा अर्ज भरा. वर्षाला एक लाखापर्यंतचं कवच मिळतं.

तिसरी पायरी: एकेका पोषकाचा हिशेब

लोहाला सगळ्यात जास्त जागा देते, कारण सगळ्यात जास्त फरक मी इथेच बघते. पाच वर्षांखाली फेरिटिन १२च्या खाली आणि त्यापुढे १५च्या खाली असेल तर साठा संपला असं धरतात. मात्र मूल रात्री पाय आपटत असेल, सारखं कुशी बदलत असेल, तर झोपेचे डॉक्टर फेरिटिन ५०च्या पुढे न्यायला बघतात. त्यामुळे रिपोर्टवर "नॉर्मल" छापलेलं असलं तरी झोपेची तक्रार डॉक्टरांना आवर्जून सांगा. डोस वजनावर ठरतो आणि तो लोहाच्या क्षारावर नाही, त्यातल्या मूळ लोहावर मोजतात. ड्रॉप्स आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असते. ड्रॉप्स संपले म्हणून मेडिकलवाल्यानं सिरप दिलं तर तेवढेच मिलिलिटर पाजू नका, पुन्हा विचारा.

लोह दुधासोबत किंवा चहासोबत देऊ नका. संत्र्याचा रस, लिंबूपाणी चालेल. सिरप दातांना काळं करतं, म्हणून स्ट्रॉनं द्या किंवा गालाच्या आतल्या बाजूला सिरिंजनं सोडा आणि वरून पाणी पाजा. शी काळी होते, घाबरू नका. हिमोग्लोबिन भरलं तरी साठा भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात, त्यामुळे मध्येच थांबवू नका.

आणि हो, दुहेरी डोस टाळा. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलीलिटर लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप मिळतं, त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, त्यात ४५ मिलिग्रॅम. अंगणवाडी ताईंना, शाळेला विचारा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

व्हिटॅमिन डी. नागपूरच्या उन्हाला तोड नाही, तरी मुलं डी-हीन सापडतात. मार्च ते जून दुपारी कोणी बाहेर पडत नाही, आणि थेरपी, शाळा, फ्लॅट या त्रिकोणात फिरणाऱ्या मुलाला ऊन लागतच नाही. एक वर्षानंतर रोजची गरज ६०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक). रक्तात २० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर पुरेसं; बालरोगतज्ज्ञ १२च्या खालच्या आकड्याला खरी कमतरता म्हणतात. धोका आहे तो ६०,००० आययूच्या सॅशेचा. "आठवड्याला एक" असं लिहिलेलं असतं, किती आठवडे हे चिठ्ठीच्या कोपऱ्यात असतं, आणि मग ते महिनोन्‌महिने चालतं. डी चरबीत साठतं, जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, किडनीला त्रास होतो. कॅलेंडरवर शेवटच्या सॅशेची तारीख आजच लाल पेनानं लिहा.

बी-१२ फक्त प्राणिजन्य अन्नात असतं. शाकाहारी घरातलं, दूध-दही न घेणारं मूल असेल तर तपासा आणि कमी असेल तर द्या. कमतरता नसताना "बोलायला लागेल" म्हणून मिथाइल बी-१२ची इंजेक्शनं टोचत राहणं मला पटत नाही. त्यामागचे प्रयोग छोटे आहेत आणि सुईची भीती मात्र मोठी होते.

व्हिटॅमिन सी ही नागपुरात लाजिरवाणी कमतरता म्हणायला हवी, तरी दिसते. जगभरातल्या डॉक्टरांनी अशा मुलांच्या नोंदी केल्या आहेत: ऑटिझम असलेलं मूल अचानक लंगडतं, चालायला नकार देतं, हिरड्यांतून रक्त येतं, हाडांचे फोटो, एमआरआय सगळं होतं, आणि शेवटी निघतो स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सीच्या तुटीचा आजार. वर्षभर फळ-भाजी शून्य असेल तर हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. एका मध्यम संत्र्यात लहान मुलाची दिवसाची गरज जवळपास भागते. आंबिया बहाराचं संत्रं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचं फेब्रुवारी ते एप्रिल. फोडीचा पापुद्रा खटकत असेल तर तो काढून द्या, नाहीतर रस गाळून. आंबट आवडणारी मुलं बरीच असतात. त्यांना आवळ्याची सुकवलेली फोड द्या, कुरकुरीत असते. अगदीच काही जमत नसेल तर सीची चघळायची गोळी.

व्हिटॅमिन ए वेगळं विकत घेऊ नका. पाच वर्षांपर्यंत सरकारी कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी मोठा डोस मिळतोच. लसीकरणाच्या कार्डावर बघा. जास्तीचं ए डोक्यातला दाब वाढवतं. झिंकही असंच: कमी असेल तर काही काळ, नाहीतर शरीरातलं तांबं घटतं.

ओमेगा-३बद्दल सगळे विचारतात. चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत. अतिचंचलपणात थोडा फरक काही अभ्यासांत दिसतो, ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर भरवशाचा परिणाम नाही. मासे न खाणाऱ्या मुलाला द्यायचं ठरवलंत तर लेबल उलटून बघा. पुढे "फिश ऑइल १००० मिलिग्रॅम" असं मोठ्या अक्षरांत असतं, मागे ईपीए १८० आणि डीएचए १२० (माशांतले कामाचे ओमेगा-३ ते हेच). तुम्ही पैसे मोजताय ते या ३०० मिलिग्रॅमचे. आपल्याकडची जवसाची चटणी चांगलीच, पण जवसातल्या ओमेगा-३चं ईपीए-डीएचए शरीरात फार थोडं बनतं. चटणी चव म्हणून, चोथा म्हणून खाऊ द्या.

मॅग्नेशियम आणि मोठ्या डोसचं बी-६ ही जुनी जोडी अजून फिरते. पुरावा नाही, आणि बी-६ भरपूर काळ भरपूर दिलं तर नसांना इजा होते, हातापायांना मुंग्या येतात. जे मूल बोलत नाही ते मुंग्या येतात हे सांगणार कसं? प्रोबायोटिक, उंटिणीचं दूध, कर्क्युमिन: पोट बिघडलेलं असताना प्रोबायोटिक काही दिवस ठीक, बाकीच्यांवर महिन्याचे हजारो रुपये घालण्यापेक्षा स्पीच थेरपीचं एक सत्र वाढवा.

मेलाटोनिन हे व्हिटॅमिन नाही, हार्मोन आहे. झोपेसाठी त्याचा उपयोग होतो, पण डॉक्टरांच्या देखरेखीत. अमेरिकेत २०२३ साली बाजारातल्या २५ मेलाटोनिन गमी तपासल्या, तेव्हा एका गमीत लेबलच्या जवळपास साडेतीनपट मेलाटोनिन निघालं आणि एकीत अजिबात नव्हतं. फॉलिनिक ॲसिड, म्हणजे ल्युकोव्होरिन, सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकन सरकारच्या घोषणेनंतर सगळ्यांच्या तोंडी झालं. ते चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे, दुकानातली फॉलिक ॲसिडची गोळी म्हणजे ते नव्हे. मेंदूत फोलेट कमी पोचण्याच्या दुर्मीळ विकारात ते वापरतात. सगळ्या ऑटिझमसाठी नाही. विचारायचं असेल तर न्यूरोलॉजिस्टना विचारा, स्वतः मागवू नका.

गहू आणि दूध दोन्ही बंद करायचा सल्ला तुम्हाला कधीतरी मिळणारच. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी असा आहार वापरू नका असं स्पष्ट सांगतात. पोटाची खरी तक्रार असेल तर गहू बंद करण्याआधी सीलिएकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची) रक्ततपासणी करा. गहू थांबवल्यावर ती तपासणी खोटी येते. दूध थांबवलंच तर कॅल्शियम आणि डी कुठून येणार ते आधी ठरवा.

एका गोष्टीला मात्र हातच लावू नका: शरीरातले धातू काढणारं चिलेशन. २००५ साली अमेरिकेत ऑटिझम असलेला पाच वर्षांचा मुलगा त्यात दगावला. क्लोरीन डायऑक्साइडचे थेंब, म्हणजे चक्क ब्लीच, हेही त्याच रांगेतलं.

चौथी पायरी: दुकानात

औषध आणि खाद्यपदार्थ म्हणून विकलेलं सप्लिमेंट यातला फरक लेबलवर दिसतो. सप्लिमेंटवर एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी परवाना असतो आणि "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ. ज्या बाटलीवर ही ओळ आहे आणि जाहिरातीत "ऑटिझमवर गुणकारी" लिहिलंय, त्यांचं एकमेकांशीच पटत नाही, तेव्हा ती ठेवून द्या.

मूल खरंच फार मोजकं खात असेल तर साधं मल्टिव्हिटॅमिन द्यायला माझी हरकत नाही, पण रोजच्या गरजेच्या शंभर टक्क्यांच्या आसपासचं. पाचशे टक्के, हजार टक्के लिहिलेलं नको. लोह, डी अशी वेगळी औषधं चालू असतील तर मल्टिव्हिटॅमिनमधलं तेच पोषक बेरजेत धरा. बाटल्या एका ओळीत मांडा आणि कागदावर प्रत्येकातलं डी किती, ए किती, बी-६ किती ते लिहून बेरीज करा. पिशवी घेऊन आलेल्या पालकांसोबत मी पहिलं काम हेच करते, आणि बेरीज पूर्ण व्हायच्या आत दोन बाटल्या बाजूला निघतात.

दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी सप्लिमेंट म्हणून धरू नका, त्यात साखर भरपूर. एप्रिल २०२४मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन दुकानांना त्या "हेल्थ ड्रिंक"च्या यादीतून काढायला सांगितलं ते उगाच नाही. भूक वाढवायच्या सिरपमध्ये बहुधा सायप्रोहेप्टाडिन असतं, म्हणजे झोप आणणारं ॲलर्जीचं औषध. मूल पेंगतं आणि थेरपिस्ट विचारतात आज हा असा का. डॉक्टरांनी दिलं नसेल तर घेऊ नका.

सुवर्णप्राशन, म्हणजे सोनं घातलेले आयुर्वेदिक थेंब, हा घराघरातला विषय आहे. पुष्य नक्षत्राला रांगेत उभं राहून दिलेल्या थेंबांत काय आहे, कुणी बनवलंय, बॅच कुठली, हे लेबलवर नसेल तर मी नको म्हणते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका तपासणीत इंटरनेटवरून घेतलेल्या आयुर्वेदिक औषधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आजी-आजोबांना दुखवायचं नसेल तर हे डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्या.

जनऔषधी केंद्रात लोह, डी, बी-१२ स्वस्तात मिळतात, तेव्हा आधी तिथे बघा. आणि मे महिन्यात गमी किंवा फिश ऑइल ऑनलाइन मागवू नका. ४५ अंशांत डिलिव्हरीच्या गाडीत दिवस काढलेली गमी एकच गोळा होऊन येते आणि तेलाला खवट वास लागतो. तसा वास आला तर मुलाला पाजून बघू नका, परत करा.

पाचवी पायरी: मुलाच्या पोटात कसं जाणार

इथे सगळे अडकतात. सर्वांत महत्त्वाचं: मुलाच्या भरवशाच्या पदार्थात औषध लपवू नका. जे मूल चारच पदार्थ खातं, त्याला वरण-भातात लोहाची चव लागली तर चारचे तीन होतात, आणि गेलेला पदार्थ परत आणायला महिने जातात. औषध औषध म्हणूनच द्या. बाटली दाखवा, एकच चमचा किंवा सिरिंज ठरवा, रोज तीच वेळ, तीच जागा. आधी रिकामी सिरिंज ओठाला लावायची, मग पाणी, मग थेंबभर औषध, आणि मग पूर्ण डोस. यात आठवडा गेला तरी चालेल. लगेच नंतर आवडीची गोष्ट. मुलाची ऑक्युपेशनल थेरपिस्ट असेल तर तिला सांगा; तोंडाच्या संवेदना ती तुमच्या-माझ्यापेक्षा चांगल्या ओळखते.

नाक दाबून, हातपाय धरून पाजू नका. ठसका लागून औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि दुसऱ्या दिवशी मूल चमचाच बघून पळतं. चव नकोच असेल तर डॉक्टरांना दुसरा प्रकार मागा: ड्रॉप्स, चघळायची गोळी, तोंडात विरघळणारी पट्टी. गोळी कुटायची असेल तर आधी विचारा, सगळ्या गोळ्या कुटता येत नाहीत.

बाटल्या उंचावर, कुलपात. गमी खाऊसारखी दिसते आणि लोहाची बाटली एका दमात संपवली तर लहान मुलाच्या जिवावर बेततं. तसं झालं तर उलटीची वाट न बघता बाटली सोबत घेऊन थेट इस्पितळ गाठा. आधी बरं वाटलं तरी थांबू नका, लोहाच्या विषबाधेत मधला काळ फसवा असतो.

सहावी पायरी: एका वेळी एक, आणि नोंद

दोन नव्या गोष्टी एकत्र सुरू करू नका. किमान दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. सुरू करायच्या आधी काय सुधारायला हवं ते ठरवा आणि मोजता येईल असं लिहा: रात्री किती वेळा उठतो, शी किती दिवसांनी होते, ताटात नवं काय टिकलं. "बरा वाटतो" हे मोजता येत नाही. शाळेतल्या बाईंना सप्लिमेंट सुरू केल्याचं सांगू नका आणि महिन्यानं सहज विचारा, काही वेगळं जाणवतंय का. तुम्हाला माहीत असल्यानं तुमचे डोळे थोडे पक्षपाती असतातच.

मुलाला फिट्सची, झोपेची किंवा वर्तनाची औषधं चालू असतील तर प्रत्येक सप्लिमेंट त्या डॉक्टरांच्या कानावर घाला. फॉलिक ॲसिड फेनिटॉइन या फिट्सच्या औषधाची पातळी खाली आणू शकतं. वर्तनासाठी दिलेल्या रिस्पेरिडोननं भूक वाढते, अतिचंचलपणासाठी दिलेल्या मिथाइलफेनिडेटनं कमी होते, आणि वहीतला बदल सप्लिमेंटचा नसून या गोळीचा असू शकतो. थायरॉईडची गोळी चालू असेल तर लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब.

लोह, डी, बी-१२ यांची फेरतपासणी साधारण आठ ते बारा आठवड्यांनी, डॉक्टर सांगतील तशी. जाताना जुना रिपोर्ट, वही आणि बाटल्यांचे फोटो न्या, पुढची-मागची दोन्ही बाजू. बाटल्याच कशाला वाहायच्या. ज्या बाटलीपुढे वहीत काहीच बदल लिहिलेला नाही आणि रक्तातही तिची गरज दिसत नाही, ती बंद करू का असं स्पष्ट विचारा. मल्टिव्हिटॅमिनमध्ये बायोटिन (एक बी व्हिटॅमिन) असेल तर रक्त द्यायच्या आधी किती दिवस थांबायचं तेही लॅबला किंवा डॉक्टरांना विचारून ठेवा. बायोटिननं थायरॉईडचे आकडे चुकीचे येतात.